कुडाची भिंत ‘श्वास घेते’ म्हणजे नेमकं काय?

कशेळे परिसरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवर कुडाची घरं अजून दिसतात: कारवीच्या काठ्या बांधायच्या आणि शेणमातीने लिंपायच्या. अशा भिंती ‘श्वास घेतात’ असं म्हणतात. यात विज्ञान किती?

निवांत बसलेला माणूसही सुमारे 100 वॅट उष्णता बाहेर टाकतो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 34 अंशांपेक्षा, गरम झाली की ही उष्णता जायला घाम हा एकच मार्ग उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2,400 जूल उष्णता नेतो. हिशोब केला तर तासाला किमान 150 ग्रॅम घाम वाळायला हवा. दमट हवेत तो वाळतच नाही, अंगावरची हवा सतत बदलत राहिली तरच वाळतो. कुडाच्या न लिंपलेल्या फटी हेच काम करतात. म्हणजे श्वास भिंत घेत नाही, वारा तिच्यातून जातो!

आता रायगडच्याच किनाऱ्यावर जाऊ. वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने 2007 मध्ये नांदगावला नारळाच्या वाडीत ‘पामायरा हाऊस’ बांधलं. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, आणि बाहेरून ताडाच्या खोडाच्या आडव्या पट्ट्या. ऊन अडतं, वारा आत येतो. इथे ‘इंटिरियर’ वेगळं करावंच लागत नाही. आतला उजेड, सावली, झुळूक हे सगळं त्या पट्ट्याच ठरवतात. अमेरिकेत शिकून, रिचर्ड मायर यांच्याकडे काम करून आलेले जैन सुतार-गवंड्यांना सोबत घेऊन, प्रत्यक्ष आकाराचे नमुने करून डिझाइन ठरवतात. दिसायला हे घर कुडाच्या घरासारखं अजिबात नाही, पण दोन्हीकडचं भौतिकशास्त्र एकच.

मला वाटतं, प्रेरणा घ्यायची ती इथून. कूड दरवर्षी लिंपावा लागतो, त्याला वाळवी लागते. तो सोडून कुणी सिमेंटची भिंत बांधली तर तक्रार कसली? पण खिडकी एकाच बाजूला, वर तापलेला पत्रा, अशी खोली भट्टी होते. पत्र्याची उष्णता थेट अंगावर येते, कारण शरीर आजूबाजूच्या पृष्ठभागांशीही प्रारणाने उष्णतेची देवघेव करतं. समोरासमोर खिडक्या, भिंतीत वरच्या बाजूला जाळी आणि पत्र्याखाली हवा खेळती ठेवणारं छत एवढं केलं तरी फरक पडतो.

उलट, फार्महाऊसच्या बंद एसी खोलीत ‘गावरान लुक’ म्हणून कारवीचं पॅनेल लावलं असेल, तर एवढंच विचारा: यातून वारा जातो का?