धारोष्ण दूध आणि तान्ह्याचं पोट

राहात्याच्या एका आजींचा प्रश्न आला आहे. नातू चार महिन्यांचा, गाय घरची. कच्च्या दुधात पोटाला मानवणारे जीवाणू असतात म्हणे, मग त्याला धारोष्ण दूध सुरू करावं का? राहाता, बाभळेश्वर, लोणी हा सगळा पट्टाच दुधाचा, तेव्हा असा प्रश्न पडणं साहजिक आहे. उत्तर ‘नको’ असं आहे, आणि त्यामागचं विज्ञान विलक्षण सुंदर आहे.

दुधात जीवाणू असतात हे खरंच. सडातून, कातडीवरून, हातावरून, किटलीतून ते येतात. डेअरीतली त्यांची जुनी परीक्षा म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. जीवाणू जितके जास्त, तितका हा निळा रंग लवकर उडतो. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात गेला तर वाईट. या जीवाणूंत दही लावणारे असतात, तसा गाय गाभडायला लावणारा ब्रुसेलाही असू शकतो, आणि त्याची लागण माणसालाही होते. दूध उकळलं की दोघेही मरतात. मग बाळाच्या पोटात कुणी जायचं उरतच नाही!

1899 साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिये यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये दोन फाटे फुटलेले जीवाणू दिसले. तेच आजचे बायफिडोबॅक्टेरिया. बाटलीच्या दुधावरच्या बाळांत मात्र नाना प्रकारच्या जीवाणूंची सरमिसळ होती. जुलाब होणाऱ्या बाळांना हे जीवाणू द्यावेत, असंही तिसिये यांनी सुचवलं. पण त्याच संस्थेतल्या मेचनिकॉफ यांचा ‘दही खा, दीर्घायुषी व्हा’ हा विचार जगभर गाजला आणि तिसिये मागे पडले. मला हे फार खटकतं, कारण तान्ह्या बाळांबाबत खरा धागा त्यांच्या हाती लागला होता.

हे जीवाणू अंगावरच्या दुधावरच का फोफावतात? पॉल ग्योर्गी यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत याचा माग काढला. आईच्या दुधात काही गुंतागुंतीच्या शर्करा असतात. आज त्यांचे सुमारे 200 प्रकार माहीत आहेत, लिटरमागे साधारण 5 ते 15 ग्रॅम. बाळाला त्या पचतच नाहीत. आई त्या मुख्यतः बाळाच्या पोटातल्या जीवाणूंसाठी बनवते! जीवाणू त्या खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात रोगजंतूंना बस्तान बसवता येत नाही. गाईच्या दुधात या शर्करा नावापुरत्या असतात. नुसते चांगले जीवाणू पोटात सोडणं म्हणजे वैरणीची सोय नसताना गोठा जनावरांनी भरणं.

कच्च्या दुधाचे पुरस्कर्ते 2011 च्या एका युरोपीय अभ्यासाचा दाखला देतात. शेतावरचं कच्चं दूध पिणाऱ्या शाळकरी मुलांत दमा कमी आढळला, हे खरं. पण दुधातल्या एकूण जीवाणूसंख्येचा त्याच्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो काही प्रथिनांशी. शिवाय ती मुलं शाळकरी होती, चार महिन्यांची नव्हती.

आपल्याकडचा दाखला अधिक बोलका आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात 1989 मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदूध पेढी उभी केली. अशा पेढ्यांत दान आलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास ठेवतात. जीवाणू मरतात, पण शर्करा टिकून राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असं दूध मोठा आधार ठरतं.

तेव्हा आजी, सहा महिने पूर्ण होईपर्यंत नातवाला फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीही नको. गाईच्या दुधात लोह फार कमी असतं, आणि त्या दुधामुळे कोवळ्या आतड्यांतून थोडं थोडं रक्तही झिरपू शकतं. सहा महिन्यांनंतर मऊ वरणभातासोबत ताजं दही चालेल. गाईचं दूध प्यायला द्यायचं ते वर्षानंतर, तेही उकळूनच. सुनेला दूध कमी येतंय असं वाटलं, तर वरचं दूध सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.