झडप हृदयाची, जपायचे पोटही

छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन महारोहिणीची झडप बसवण्याची 'टावी' शस्त्रक्रिया आलँ क्रिबिये यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे प्रथम केली. पुण्यात ती करून तळेगाव ढमढेऱ्याला परतलेल्या रुग्णाच्या घरच्यांचे सगळे लक्ष छातीकडे असते. पोटाकडेही असू द्या.

क्वचित जुन्या झडपेवरचा चुन्याचा कण सुटून आतड्याच्या रोहिणीत अडकतो. दाबून पाहिले तर पोट मऊ, पण वेदना असह्य! आतडे काही तासांत मरू लागते. सकाळची वाट न पाहता १०८ला फोन करावा.

रक्तस्राव त्याहून जास्त आढळतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना शौचाला डांबरासारखे काळे, चिकट झाले तर डॉक्टरांना लगेच सांगावे. (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण तो निवाडा घरी नको.) गोळ्या मनाने बंद करू नयेत, आणि गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर वेदनाशामक तर मुळीच आणू नये.

अरुंद झडप आणि आतड्यातला रक्तस्राव यांचे नाते अमेरिकी डॉक्टर एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्येच नोंदवले होते. अशा अनेक रुग्णांचा रक्तस्राव नवी झडप बसल्यावर थांबतो.