गजकर्ण, सोरायसिस आणि घरातली एकच ट्यूब

पावसाळा लागला की वस्तीत खाजेच्या तक्रारी वाढतात. जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली गोल चट्टा उठतो, कडेला लाल आणि मधे फिकट. कोणी त्याला गजकर्ण म्हणते, कोणी नायटा, कोणी दाद. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. तीन दिवसांत खाज थांबते आणि महिन्याभरात चट्टा दुप्पट होतो. तोवर तीच ट्यूब सुनेने, मुलाने आणि आजीनेही लावलेली असते. आजीच्या कोपरावरचा जाड, खवल्यांचा चट्टा मात्र गजकर्णाचा नसतोच. तो सोरायसिसचा असतो.

दिसायला हे दोन चट्टे भावंडांसारखे असले तरी एक बाहेरून आलेल्या बुरशीचा आहे आणि दुसरा आपल्याच शरीराने स्वतःवर केलेल्या हल्ल्याचा. तरीही दोघांचे नाते आहे, आणि ते समजले नाही तर एकाचे औषध दुसऱ्याचे खतपाणी होते. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

शरीरात राखणदार असतात. रोगजंतू दिसला की ते धावून जातात. त्यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. काही माणसांत हे राखणदार घरच्यांनाच चोर समजू लागतात. सांध्यांवर तुटून पडले की आमवात होतो. ल्युपसमध्ये त्वचा, मूत्रपिंड, रक्त असे काहीही त्यांच्या तावडीत सापडते, आणि हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. सोरायसिस त्याच कुळातला. अशा आजारांना स्वयंप्रतिकार आजार म्हणतात.

आता बुरशीकडे येऊ. तोंडात आणि कातडीवर बुरशी आपल्या सगळ्यांच्याच असते. ती माजत नाही, कारण पांढऱ्या पेशींचा एक गट ‘इंटरल्यूकिन १७’ नावाचा रासायनिक निरोप पाठवून तिच्यावर पहारा बसवतो. गंमत अशी की सोरायसिसमध्ये हाच निरोप गरज नसताना अखंड ओरडला जातो. म्हणून सोरायसिसवर या निरोपाचे तोंड बंद करणारी इंजेक्शने निघाली. सेक्युकिनुमॅब हे त्यांतले एक. त्यांनी चट्टे जातात, पण काही रुग्णांच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर धरतो. ती कॅन्डिडा नावाची बुरशी. बुरशीला अडवणारा आणि आपल्याच अंगावर उलटणारा पहारेकरी एकच आहे, हे याहून स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसेल?

उलट्या बाजूचाही दाखला आहे. फिनलंड आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावर इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिसणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात मुलांच्या तोंडात आणि नखांत लहानपणापासून कॅन्डिडा ठाण मांडून बसते. पुढे काही ग्रंथीही बंद पडतात. त्यामागचे ‘एअर’ नावाचे जनुक १९९७ मध्ये सापडले, पण बुरशीच का, हे कोडे २०१० साली उलगडले. या मुलांचे शरीर स्वतःच्याच इंटरल्यूकिन १७ विरुद्ध प्रतिद्रव्ये बनवते. म्हणजे इथे स्वयंप्रतिकार आजारानेच बुरशीला दार उघडून दिले.

मग बुरशीमुळे आमवात किंवा ल्युपस होतो का? तसे सिद्ध झालेले नाही. आतड्याच्या क्रोहन या आजारात अनेक रुग्णांच्या रक्तात पावाच्या यीस्टविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडतात हे खरे, पण पाव खाल्ल्याने तो आजार झाला असा त्याचा अर्थ होत नाही. ‘पोटातली बुरशी काढा, सांधेदुखी मुळापासून घालवा’ असे सांगून महागडे डबे विकणारे भेटले, तर पैसे खिशातच ठेवा.

खरा धोका आपल्या घरात वेगळ्याच वाटेने येतो. ती वाट स्टेरॉइडची.

१९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल मिळाले. स्टेरॉइड वाईट नाही. ल्युपसमध्ये मूत्रपिंड वाचवते, दम्यात जीव वाचवते. पण ते राखणदारांना झोपवून काम करते, आणि राखणदार झोपले की बुरशीला मोकळे रान मिळते.

गजकर्णावर लावल्या जाणाऱ्या कितीतरी ट्यूबांमध्ये बुरशीचे औषध, जिवाणूंचे औषध आणि कडक स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र असते. खाज आणि लाली ही शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई आहे. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. आपल्याला वाटते, बरे झाले. आत बुरशी पसरत असते. पुढे चट्ट्याचा गोल आकारही मोडतो आणि डॉक्टरांनाही तो ओळखता येत नाही. जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पांढरे-लाल वळ उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. भारतात पसरलेल्या एका हट्टी बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीलाही ती पुष्कळदा दाद देत नाही. अशा मलमांचा बेसुमार वापर तिच्या फैलावाला हातभार लावतो, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. गल्लीतल्या दुकानात तो किती पाळला जातो, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगले जाणता.

म्हणून ट्यूब विकत घेण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलेले असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी तपासून दिले नसेल तर गजकर्णावर ते लावू नका.

हेच सांधेदुखीच्या पुड्यांचे. बाजारात, जत्रेत ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दुसऱ्या दिवशी गुडघा हलका होतो, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड सुजते, साखर वाढते, अंगावर बुरशी येते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आपण ज्याला काळी बुरशी म्हणालो, तिच्या मुळाशीही पुष्कळ रुग्णांत वाढलेली साखर आणि स्टेरॉइडचा मारा ही जोडगोळी होती. देशात त्या काही महिन्यांत ४० हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

पण हे वाचून ज्यांना आमवातासाठी किंवा ल्युपससाठी डॉक्टरांनी स्टेरॉइडची गोळी दिली आहे, त्यांनी ती आज रात्री बंद करू नये. बरेच दिवस गोळी घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवते. गोळी एकदम तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत वेळ येते, आणि मूळ आजार उसळतो तो वेगळाच. डोस डॉक्टरच हळूहळू कमी करतात. अशा रुग्णाने तोंडातला पांढरा थर, गिळताना दुखणे, न हटणारा नायटा यांकडे दुर्लक्ष करू नये. ताप, कोरडा खोकला आणि चालताना धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण फुप्फुसातही बुरशी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. टर्बिनाफिनच्या गोळीने क्वचित ल्युपसचे चट्टे उठतात, सोरायसिस चिघळू शकतो. ल्युपसचे काही चट्टे पुन्हा गोलच असतात, म्हणजे गजकर्ण वाढले समजून गोळी आणखी घेतली जाण्याची भीती. त्यामुळे घरात कुणाला हे आजार असतील तर बुरशीची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा.

गजकर्ण एकाचे दुसऱ्याला लागते. टॉवेल, चादर, कपडे वेगळे ठेवा आणि घरात जितक्यांना असेल तितक्यांचे उपचार एकाच वेळी करा. ‘कपडे उन्हात वाळवा’ हे छापणे सोपे आहे. दहा बाय दहाच्या खोलीत, श्रावणातल्या झडीत ते कुठून जमणार? निदान आतले कपडे गरम इस्त्री फिरवून घाला. सफाई कामगार बंधू-भगिनींचे पाय गमबुटात दिवसभर भिजलेले असतात. बुटांचा दुसरा जोड मागणे हा हट्ट नव्हे, ती ठेकेदाराची जबाबदारी आहे.

सोरायसिस, ल्युपस मात्र स्पर्शाने होत नाहीत. तरी सोरायसिस असलेल्या बाईचे ताट वेगळे मांडणारी घरे आपल्यातही आहेत. ताट वेगळे मांडल्यावर माणसाला काय वाटते, हे आपल्याला बाहेरच्या कुणी येऊन समजवायला हवे का?

दोन्हींतला फरक ओळखायला मोठी मशीन लागत नाही. चट्ट्याच्या कडेची कातडी खरवडून, पोटॅशच्या द्रावणात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि बुरशीचे धागे थोड्याच वेळात दिसतात. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ही तपासणी सहसा होते. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्या. काही दिवस आधीपासून दुकानातून आणलेले मलम लावलेले नसेल तर बुरशी सापडणे सोपे जाते. केसपेपरवर चालू असलेली प्रत्येक गोळी लिहून घ्यायला सांगा, पुडीसुद्धा.