कुंपणानेच शेत खाल्ले तर? : मोटारीतील एअरबॅग आणि राहून गेलेली दुरुस्ती



या पानावर एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी चार गोष्टी असतात. या अंकात विषय मोटारीचा आहे. खताशीही त्याचे नाते आहे, ते पुढे दिसेलच. आपल्या कार्यक्षेत्रात आता वाडी-वस्तीवर चारचाकी उभी दिसते. त्यांतल्या पुष्कळ गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या असतात. जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, अ‍ॅव्हरेज विचारतो. स्टिअरिंगच्या पोटात बसवलेल्या एअरबॅगविषयी मात्र कोणी विचारीत नाही. अमेरिकेच्या इतिहासातला मोटारींचा सगळ्यात मोठा रिकॉल याच एअरबॅगमुळे झाला. रिकॉल म्हणजे कारखान्यातला दोष लक्षात आल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून तो फुकट दुरुस्त करून देणे.

एअरबॅग म्हणजे घडी करून ठेवलेली कापडी पिशवी. तिच्यामागे धातूची एक छोटी डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. डबीत रासायनिक इंधनाच्या वड्या असतात. गाडी समोरून आदळली की सेन्सर ठिणगी देतो, वड्या पेटतात, त्यांचा वायू होतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगून चालकाच्या छातीपुढे उभी राहते. सीटबेल्ट आणि एअरबॅग या जोडीने जगभर असंख्य जीव वाचवले आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग बिघडलं कुठं? जपानची टाकाटा ही जुनी कंपनी. तिची सुरुवात १९३३ साली कापडधंद्यातून झाली, पुढे ती सीटबेल्ट आणि एअरबॅग करू लागली. सन २००० च्या सुमारास तिने वड्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. पदार्थ स्वस्त, पण त्याचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात नायट्रेटचे पोते उघडे राहिले तर काय होते, हे कोणा शेतकऱ्याला सांगायला नको. खत हवेतले पाणी ओढते, ओलसर होते, वाळले की त्याचे ढेकूळ बनते. डबीतही तेच झाले. वर्षानुवर्षे हवेतला दमटपणा आणि दिवसा ताप, रात्री गारवा असा फेरा सोसून वड्या भुसभुशीत झाल्या. लाकडाचा ओंडका चुलीत सावकाश जळतो. त्याच लाकडाचा भुसा आगीवर टाकला तर भडका होतो. भुसभुशीत वडी अशीच भडकली की डबीला दाब सोसत नाही. डबी फुटते आणि तिचे धातूचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या गळ्यात, चेहऱ्यात घुसतात. राखणीला ठेवलेले कुंपणच शेत खाऊ लागते.

म्हणून हा दोष नव्या गाडीत दिसत नाही, जुन्या गाडीत दिसतो. आणि थंड कोरड्या मुलखापेक्षा उष्ण, दमट मुलखात लवकर दिसतो. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या दमट भागाला सगळ्यात जास्त धोक्याचा ठरवून तिथल्या गाड्या आधी हाती घेतल्या गेल्या. २०१४ साली मलेशियात होंडा सिटी गाडीत एका गरोदर महिलेचा मृत्यू झाला. आपला कोकणपट्टा आणि घाटमाथ्याचा पावसाळा आठवला, तर ही गोष्ट परक्या देशाची वाटत नाही.

दिरंगाई दोन प्रकारची

पहिली दिरंगाई कंपन्यांची. २००४ साली अमेरिकेत अशी एक डबी फुटली होती. पहिला रिकॉल निघाला तो नोव्हेंबर २००८ मध्ये, आणि तोही होंडाच्या सुमारे ४ हजार गाड्यांपुरता. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, ओक्लाहोमा राज्यात एका तरुण मुलीचा जीव गेला. नंतर आकडा वाढत वाढत अमेरिकेपुरताच ६ कोटी ७० लाख एअरबॅगांवर गेला. तिथे पंचवीसहून अधिक माणसे दगावली आणि किमान ४०० जखमी झाली. चाचण्यांचे खोटे अहवाल मोटार कंपन्यांना दिल्याचा गुन्हा टाकाटाने २०१७ साली कबूल केला, १०० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी दिवाळे काढले. मधल्या काळात बदलायला नव्या डब्याच मिळेनात, म्हणून कित्येक मालकांना नुसतेच थांबावे लागले.

दुसरी दिरंगाई मात्र मालकाच्या दारातली, आणि आपल्याला शिकायचे आहे ते इथे. मार्च २०१६ मध्ये टेक्सासमध्ये सतरा वर्षांची एक मुलगी २००२ सालची होंडा सिव्हिक चालवीत होती. पुढच्या गाडीला धडक बसली. अपघात असा, की सगळ्यांनी आपल्या पायांनी उतरून घरी जावे. डबी फुटली आणि ती गेली. त्या गाडीचा रिकॉल केव्हाच निघालेला होता. कंपनी म्हणाली, आम्ही पत्रे पाठवली. घरची माणसे म्हणाली, आम्हाला मिळालीच नाहीत. २०२० साली अ‍ॅरिझोना राज्यात २००२ च्याच सिव्हिकमध्ये आणखी एक मृत्यू झाला. तिथेही वर्षानुवर्षे पत्रे गेली होती, फोन झाले होते. पण त्या दिवशी गाडी चालवणारा माणूस तिचा नोंदणीकृत मालकच नव्हता.

यात नवल काही नाही. सातबारावर वारसनोंद लागली नाही तर नोटीस मयत आजोबांच्या नावाने निघते, तशातलाच हा प्रकार. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते. गाडी तोवर तिसऱ्या गावी, तिसऱ्या हातात असते. दुरुस्ती फुकट, काम थोडक्या वेळाचे. पण खबर ज्याला लागायला हवी त्यालाच लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने यावर वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये रिकॉल सक्तीचा केला. ३० लाखांवर गाड्यांतल्या ४० लाखांवर एअरबॅगा बदलायच्या, मुदत ३१ डिसेंबर २०२०. मालक शोधून काढण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, आणि सर्वांत धोक्याच्या गाड्यांची नोंदणी रोखण्यापर्यंत काही राज्ये गेली. मुदतीअखेर जवळजवळ सगळ्या गाड्यांचा हिशेब लागला. मनावर घेतले तर होते.

आपल्याकडे काय?

या डब्या आपल्या देशातही होत्या. होंडाने जुलै २०१६ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार आणि जानेवारी २०१७ मध्ये आणखी ४१ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्यांत सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड होत्या. टोयोटाची कोरोला अल्टिस, निसानच्या मायक्रा आणि सनी यांचेही रिकॉल झाले. हीच मॉडेले आज जुन्या बाजारात, ऑटो कन्सल्टंटच्या दारात उभी असतात.

आपल्या देशात चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. रिकॉलची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण सक्तीच्या रिकॉलचे हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. अमोनियम नायट्रेटचा दोष तर गाडी म्हातारी झाल्यावर डोके वर काढतो. तेव्हा जुन्या गाडीच्या बाबतीत कायदा आपल्या दारी येईल, या भरवशावर राहू नये. आपणच चार पावले चालावे.

सभासदांनी एवढे करावे

१) आरसीवर १७ अक्षरांचा चॅसिस नंबर असतो. तो घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत शोरूमला जावे, किंवा कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघावा. रिकॉल बाकी आहे की नाही, ते तिथेच कळते. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला सांगितले तर हे काम फोनवर होण्यासारखे आहे.

२) रिकॉल बाकी असेल तर दुरुस्तीचे पैसे पडत नाहीत. गाडी कितव्या हातातली आहे, हे आड येत नाही. काम झाल्याची पावती मागून घ्यावी.

३) जुनी गाडी घेताना सौदा पक्का करण्याआधीच ही चौकशी करावी. गाडी लगेच आपल्या नावावर करून घ्यावी आणि पत्ता व मोबाइल नंबर शोरूमला कळवावा, म्हणजे पुढचे पत्र आपल्याच दारी येईल.

४) डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो दिवा विजेची जोडणी तपासतो. डबीतल्या वड्या ओलावल्या की कोरड्या, हे त्याला कळत नाही.

५) भंगारातली किंवा बिनखात्रीची एअरबॅग बसवू नये. स्वस्तातल्या निकृष्ट इन्फ्लेटरने माणसे दगावल्याचा इशारा अमेरिकी सरकारला २०२४ मध्ये द्यावा लागला.

६) हे वाचून भीतीपोटी एअरबॅग काढून टाकू नये, वायरही तोडू नये. सीटबेल्ट तर गावातल्या गावातही लावावा.

दर हंगामाआधी बॉयलरची तपासणी झाल्याशिवाय आपल्या कारखान्यात अग्निप्रदीपन होत नाही. ऊस तोडून उभा असो, गव्हाणीपुढे गाड्यांची रांग लागलेली असो, तपासणी चुकत नाही. कारण दाबाच्या भांड्याशी खेळ नको, हे कामगारापासून संचालकांपर्यंत सगळे जाणतात. आपल्या गाडीच्या स्टिअरिंगमध्येही दाबाचे एक लहान भांडे आहे आणि त्याच्यासमोर आपली लेकरे बसतात. गटातल्या आपल्या शेतकी मदतनिसाकडे या अंकाच्या जादा प्रती दिल्या आहेत. ज्याच्या दारात जुनी चारचाकी आहे अशा शेजाऱ्याला एक प्रत जरूर द्यावी. खबर पोचली नाही म्हणून कोणाचा जीव जाऊ नये, इतकीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग