सभा उठली, ओटे उरले

सभा उठली की मागे काय उरतं? माणसं पांगतात, बोलणं हवेत विरतं. म्हणूनच अँग्लो-सॅक्सन काळातली उघड्यावरची सभास्थानं शोधणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचं मला नवल वाटतं. तेव्हा इंग्लंडात 'हंड्रेड' नावाच्या मुलखाचे तंटे झाडाखाली, टेकाडावर, नाहीतर नदीच्या उताराशी मिटवले जात. मिल्टन कीन्स शहरातलं सेक्लोचं टेकाड 1970च्या दशकात खणलं, तर हाती लागली माती आणि भोवतीचा चर!

बोरिवलीकरांचं नशीब बरं. तिथल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत बैठक चक्क काळ्या कातळात कोरलेली आहे. 11 क्रमांकाच्या लेण्याला दरबार म्हणतात. दालन सत्तर फुटांहून लांब, कडेने भिक्षूंच्या खोल्या, मागच्या भिंतीत बुद्धाचं गर्भगृह. आणि जमिनीतूनच कोरून काढलेले दोन लांबच लांब, बुटके ओटे. समोरासमोर पंगत बसावी तसे. ही खरंच जेवणाची जागा होती की सभेची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर दोन्ही. आपल्याकडे जेवण आणि चर्चा वेगळ्या कधी झाल्यात?

याच लेण्यात शके 775चा, म्हणजे इ.स. 853च्या सुमाराचा शिलालेख आहे. तेव्हा गादीवर राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष, त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी. विहाराच्या डागडुजीला आणि ग्रंथखरेदीला पैसे ठेवल्याची नोंद त्यात आहे. दाता थेट गौड देशातून, म्हणजे बंगालकडून, या कृष्णगिरीवर (कान्हेरीचंच जुनं नाव) आलेला. इंग्लंडात आल्फ्रेड राजा गादीवर बसायला अजून बरीच वर्षं होती.

पण खरी गंमत उघड्यावरच आहे. अमावस्या-पौर्णिमेला भिक्षुसंघाने एकत्र येऊन नियमांचं पठण करायचं, त्याला उपोसथ म्हणतात. एका सीमेच्या आतल्या सगळ्यांनी यायचं, किमान चौघे हवेत. ही सीमा कशाने ठरवायची? विनयग्रंथांत आठ खुणा दिल्या आहेत: डोंगर, खडक, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी. बांधकाम एकही नाही. आता इंग्लंडातल्या हंड्रेडांची नावं पाहा. तिथेही कुणाचं नाव झाडावरून, कुणाचं दगडावरून, कुणाचं टेकाडावरून. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन समाजांना चारचौघांनी जमायचं ठिकाण सांगताना त्याच खुणा सुचाव्यात!

पुढे संघ ओसरला, तरी पाहुणे येतच राहिले. 90 क्रमांकाच्या लेण्यात 1009 आणि 1021 साली आलेल्या पारशांनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत. (तुम्ही मात्र तसलं काही करू नका.)

बोरिवली पूर्वेला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत गेलात, की पुढे सहा-सात किलोमीटरवर लेणी. सोमवारी बंद असतात, तेवढं पाहून निघा.