स्क्रममधली धडक गेली, जोर राहिला

लालबागच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. विचारतो, "रग्बीत ते सोळा जण डोकी खाली घालून नक्की करतात काय? आणि त्याचे नियम सारखे का बदलतात?" प्रश्न भारी आहे, कारण उत्तर थेट मानेच्या मणक्यापर्यंत जातं. आणि आपल्या दहीहंडीपर्यंतसुद्धा.

आधी खेळ समजून घेऊ. मुंबईत रग्बी म्हटलं की आझाद मैदानाजवळचं बॉम्बे जिमखाना आठवतं. २०२५ च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, ती तुमच्यापैकी काहींनी मोबाईलवर पाहिली असेल. ती सात-सात जणांची रग्बी. तिथे स्क्रम तीन विरुद्ध तीन असतो आणि पटकन उरकतो. आज मी बोलतोय पंधरा जणांच्या रग्बीतल्या मोठ्या स्क्रमबद्दल. आठ विरुद्ध आठ.

समजा, खेळाडूच्या हातून चेंडू पुढे सांडला. रग्बीत ही चूक. मग खेळ पुन्हा सुरू करायला स्क्रम लागतो. दोन्ही संघांचे आठ-आठ जण तीन ओळींत एकमेकांना घट्ट धरतात आणि समोरच्यांना भिडतात. मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो. पहिल्या ओळीत तिघं असतात. बाजूचे दोन प्रॉप आणि मधला हूकर, जो चेंडू पायाने मागे ओढतो. मागच्या पाच जणांचा सगळा रेटा या तिघांच्या खांद्यांतून आणि मानेतून पुढे जातो. स्क्रम कोसळला की तोंडघशी पडतात तेही हेच.

आता नियमांकडे येऊ. २००७ पासून रेफरी चार हाका द्यायचा. वाका, स्पर्श करा, थांबा, भिडा. या 'भिडा'वर दोन्ही संघ अंतरावरून झेप घेऊन आदळायचे. प्रेक्षक खूश! पहिली धडक ज्याची जोरात, त्याने निम्मा स्क्रम तिथेच जिंकला. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी हा जोर मोजला. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष संघांत तो दीड टनाच्या वर गेला. म्हणजे एक मोटारगाडी सहा खांद्यांवर.

२०१२ मध्ये हाका तीनवर आल्या आणि २०१३ मध्ये खरा बदल झाला. क्राउच, बाइंड, सेट. 'बाइंड' म्हटलं की प्रॉपने समोरच्या प्रॉपची जर्सी आधीच पकडायची. साधी गोष्ट वाटते ना? पण हात समोरच्यापर्यंत पोचायचा तर अंतर कमी हवं, आणि अंतर कमी झालं की झेप घ्यायला जागाच उरत नाही. धडकेचा जोर सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. पुढे आणखी एक भर पडली. 'सेट'ची हाक येईपर्यंत हूकरने एक पाय ब्रेकसारखा पुढे रोवून ठेवायचा, म्हणजे मागचा भार आधीच त्याच्या मानेवर येत नाही.

याने खेळ बदलला का? बदलला. धडक गेली आणि रेटारेटी लांबली. नुसत्या वजनापेक्षा तंत्राला भाव आला. पाय कुठे ठेवायचे, पाठ सरळ कशी ठेवायची, आठ जणांनी एकाच क्षणी जोर कसा लावायचा, हे महत्त्वाचं झालं. हूकरला पायाने चेंडू ओढण्याचं जुनं काम परत मिळालं.

पण सगळं गोड झालं नाही. स्क्रम अजूनही कोसळतात, पुन्हा लावावे लागतात आणि घड्याळ चालूच राहतं. शिवाय ज्यांचा स्क्रम तगडा, ते त्यातून पेनल्टी उकळतात. २०२३ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या डॅमियन विलेम्सेने स्वतःच्या गोलरेषेजवळ उंच चेंडू झेलून फ्री किक मिळवली, आणि चेंडू लाथाडून लांब पाठवण्याऐवजी चक्क स्क्रम मागितला! फ्रान्सविरुद्धचा तो सामना त्यांनी २९-२८ असा जिंकला. २०२४ च्या जुलैपासून फ्री किकवर स्क्रम मागण्याची सोयच काढून टाकली. हा बदल मानेसाठी नव्हता, खेळाच्या वेगासाठी होता. दोन्ही प्रकारचे बदल एकाच तराजूत तोलू नका.

आता आपल्या गल्लीत येऊ. हंडीचा तळाचा थर बघा. खांद्याला खांदा, हातांची घट्ट पकड, वरचा सगळा भार मान आणि खांद्यांवर. हा आपला स्क्रमच, फक्त रेटा आडवा नसून उभा. आणि आपल्याकडे नियमांवरून काय झालं? २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालच्यांना बंदी केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली आणि वयाची अट १४ वर आली. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. २०२५ मध्ये ठाण्यात दहा थर लागले.

हेल्मेट, गाद्या, सेफ्टी बेल्ट यांची चर्चा झाली, नाही असं नाही. पण भांडण मुख्यतः दोन आकड्यांवर अडकलं. किती फूट आणि किती वर्षं. रग्बीने प्रश्न वेगळा विचारला. दुखापत नेमकी कोणत्या क्षणी होते? मग तेवढाच क्षण बदलला. स्क्रम बंद केला नाही, माणसं कमी केली नाहीत, ताकदीवर बंदी आणली नाही.

आणि नियमाइतकंच शिकवणंही महत्त्वाचं. न्यूझीलंडने २००१ पासून रग्बीच्या प्रशिक्षकांना आणि रेफरींना सुरक्षिततेचं प्रशिक्षण दरवर्षी सक्तीचं केलं. आधीच्या आकडेवारीनुसार २००१ ते २००५ मध्ये स्क्रममुळे मणक्याच्या गंभीर दुखापती नऊ होतील असा अंदाज होता. झाली एक. रग्बीत अजून एक चांगली अट आहे. पहिल्या ओळीत उभं राहायला प्रशिक्षित खेळाडू उरला नाही, तर स्क्रम लागतो पण कोणी रेटत नाही. एकोणीस वर्षांखालच्यांच्या सामन्यात तर दीड मीटरपेक्षा जास्त रेटताच येत नाही.

हेच हंडीला लावून बघा. तळाच्या थरात उभं राहायला कोण तयार झालाय, हे कोण ठरवतं? गुरुपौर्णिमेपासून सराव करणाऱ्याला आणि त्याच दिवशी टी-शर्ट घालून आलेल्याला एकच नियम का? थर डळमळला की 'उतरा' ही हाक कोणाची, आणि ती ऐकायचीच अशी सक्ती आहे का? मला वाटतं, उंचीवर वाद घालण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक पथकाकडे लिहिलेली हवीत. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

तुमच्या पथकात 'उतरा' कोण म्हणतं? दादर, परळ, गिरगाव, कुठलेही असा, व्हॉइस मेसेज करा. पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया!