पुतळा : चौकात की संग्रहालयात?

(द्वितीय वर्ष कला)

पुतळा उभारणे सोपे असते. वर्गणी गोळा होते, मूर्तिकार सापडतो, उद्घाटनाला पाहुणेही मिळतात. खरा प्रश्न पुढे येतो. राज्य बदलते, माणसे बदलतात, काल ज्याला हार घातला त्याच्याकडे पाहून आज कुणाची तरी मान खाली जाते. मग त्या दगडाचे किंवा ब्राँझचे काय करायचे? चौकातच ठेवायचा, फोडायचा, की उचलून संग्रहालयात नेऊन ठेवायचा? हा प्रश्न हल्ली जगभर विचारला जात आहे. आपल्या महाराष्ट्रात तर तो फार जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ. ते आपल्या जवळचे आहे. काळा घोडा हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तो घोडा कुणाचा होता? इंग्लंडचा युवराज १८७५ साली मुंबईस येऊन गेला. त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या श्रीमंत व्यापाऱ्याने त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. १८७९ साली तो बसविण्यात आला. हाच युवराज पुढे सातवा एडवर्ड म्हणून बादशहा झाला. त्याच्याही आधी, १८७२ साली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मुंबईत उभा राहिला होता. म्हणजे पाहा, ज्यांच्यावर राज्य चालले होते त्यांच्यातल्याच धनवंतांनी राज्यकर्त्यांचे पुतळे उभे केले. पैसा देणाऱ्याला मानमरातब मिळाला. रस्त्यावरून पाटी घेऊन जाणाऱ्याला मात्र कुणी विचारले नव्हते, की बाबा रे, ही राणी तुला इथे हवी का?

त्याचे उत्तर १८९६ साली आले. दामोदर चापेकर यांनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ अडकवली. सरकार हादरले, कारण पुतळा नुसता दगड नसतो हे सरकारलाही ठाऊक होते आणि चापेकरांनाही. पुतळा हा चौकात उभा केलेला हुकूम असतो. ‘याला मान द्या’ असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला रोज सांगत असतो. माझ्या मते या सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे.

स्वातंत्र्य आले तरी हे पुतळे बरीच वर्षे आपापल्या जागी होते. गेटवे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९६५ साली काळा घोडा आपल्या स्वाराला पाठीवर घेऊन भायखळ्याला गेला. राणीचा पुतळाही शहरातून हलला आणि भायखळ्यालाच विसावला. आज हे पुतळे जिजामाता उद्यान आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांच्या आवारात आहेत. गंमत अशी, की हे उद्यान पूर्वी राणीच्याच नावाचे होते आणि आपले लोक अजून त्याला राणीचा बागच म्हणतात. संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडले, तेव्हा तेही व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांच्या नावाचे होते. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले.

यापेक्षाही मोठी गंमत पुढे आहे. घोडा गेला, पण नाव राहिले. पुतळा हलल्यावर अर्धे शतक लोक त्या जागेला काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसविला, पण त्याच्या पाठीवर कुणीही नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लोकांनी जीव लावला होता तो घोड्याला. स्वाराशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते. पुतळा हलविला म्हणजे शहराची स्मृती पुसली जाते असे जे म्हणतात, त्यांना मुंबईने दिलेले हे उत्तर आहे.

गोव्यातही असेच घडले. गोवा जिंकणारा आफोन्सो द आल्बुकर्क याचा पुतळा आज जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पोर्तुगीज महाकवी कामोंइश याचा ब्राँझचा भव्य पुतळा जुन्या गोव्यात उघड्यावर होता. पोर्तुगीज सत्तेच्या अगदी अखेरच्या काळात, १९६० साली तो उभारला होता. पुढे त्याला विरोध झाला आणि तोही त्याच संग्रहालयात गेला. आता कवीचा पुतळा का हलवावा, असे कुणी विचारील. कवी थोर असेलही. पण सत्ता जायच्या तोंडावर जेव्हा राज्यकर्ता आपल्या कवीला परक्या भूमीवर उभा करतो, तेव्हा तो काव्यासाठी करीत नाही, हे लोकांना कळते. दिल्लीत इंडिया गेटसमोरच्या छत्रीखाली पंचम जॉर्ज उभा होता. १९६८ साली तो तिथून निघाला आणि पुढे कॉरोनेशन पार्कात गेला. ती छत्री ५४ वर्षे रिकामी होती. २०२२ साली तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा आला.

इथपर्यंत प्रश्न सोपा वाटतो. परकी सत्ता गेली, तिच्या खुणा संग्रहालयात गेल्या. पण सगळी उदाहरणे अशी सरळ नसतात. आता कोरेगाव भीमाचा जयस्तंभ घ्या. १ जानेवारी १८१८ रोजी कंपनीचे सैन्य आणि पेशव्यांचे सैन्य यांची तिथे लढाई झाली. इंग्रजांनी आपल्या विजयाची खूण म्हणून तो स्तंभ बांधला. वरच्या नियमाने पाहिले तर तो परक्या सत्तेचा स्तंभ, म्हणजे तो हलवायला हवा. परंतु त्या स्तंभावर लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ हा शेवट असलेली बावीस नावे आहेत. ते महार सैनिक होते. ज्यांची सावलीही समाजाला चालत नव्हती, त्यांची नावे त्या काळी दगडावर कोरलेली दुसरीकडे कुठे सापडणार? १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थच पालटला. आज दरवर्षी १ जानेवारीला लाखो लोक तिथे जातात ते काही कंपनी सरकारला मुजरा करायला जात नाहीत. आपले पूर्वज माणूस म्हणून उभे राहिले होते, हे पाहायला ते जातात. २०१८ साली त्याच दिवशी तिथे हिंसाचार झाला, ही दुःखाची गोष्ट आहे. पण त्यामुळे स्तंभाचा अर्थ कमी झाला नाही.

तेव्हा स्मारक कुणी बांधले एवढेच पाहून भागत नाही. आज ते कुणाचे झाले आहे, हेही पाहावे लागते.

हीच गोष्ट मला आमच्या भागाच्या इतिहासातूनही पटते. मी अंजूरचा. आमच्या गावाची आजची ओळख म्हणजे गोडाऊन, कंटेनर आणि भिवंडीकडे जाणारा धुळीचा रस्ता. पण मराठ्यांच्या इतिहासात अंजूरचे नाव आहे ते गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावंडांमुळे. साष्टी आणि वसई प्रांतावर पोर्तुगीजांची सत्ता होती, तेव्हा तिच्याविरुद्ध ज्यांनी खटपट केली आणि पेशव्यांना साहाय्य केले, त्यांत अंजूरचे नाईक होते. १७३७ साली मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी वितळविल्या नाहीत. त्या देवळांत टांगल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात अशी घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे.

लहानपणी ही हकिगत ऐकली की आम्हां मुलांची छाती फुगत असे. आपल्या गावच्या माणसांनी गाजविलेली मोहीम, तिची घंटा देवळात! अभिमान आजही आहे. पण कॉलेजात आल्यावर माझ्या शेजारच्या बाकावर वसईकडचा एक ख्रिस्ती मित्र बसू लागला. घरी तो मराठीच बोलतो, त्याचे आजोबा भातशेती करीत, माझेही. एकदा घंटांचा विषय निघाला. तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, “त्या घंटा कुणाच्या चर्चच्या होत्या, हे तिथे कुठे लिहिलंय का रे?” या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला. त्याला घंटा परत नको होत्या. त्या घंटेच्या इतिहासात आपलीही जागा असावी, एवढेच त्याचे मागणे होते. पोर्तुगीजांचे राज्य वाईट होते, म्हणून त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना करणारा इथला शेतकरी काही परका ठरत नाही.

मला वाटते, घंटा देवळातच राहाव्यात. पावणेतीनशे-तीनशे वर्षे त्या तिथे वाजत आहेत. ज्या हातांनी त्या वाजविल्या त्या हातांचाही त्यांच्यावर हक्क आहे. पण शेजारी चार ओळींचा फलक हवा, आणि तो खरा हवा.

आता ‘फोडून टाका’ म्हणणाऱ्यांचा विचार करू. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा १८९५ पासून उभा होता. जून २०२० मध्ये जमावाने तो पाडला आणि बंदरात ढकलला. नंतर तो पाण्यातून काढला आणि २०२१ साली तिथल्या संग्रहालयात ठेवला. पण उभा नव्हे, आडवा, अंगावरच्या रंगासकट. तो पाहणाऱ्याला गुलामांच्या व्यापाराचाही इतिहास कळतो आणि पुतळा पडल्याचाही. मला ही कल्पना आवडली. परंतु जमावाची रीत मात्र पटत नाही. आपल्याकडे पुण्यात जानेवारी २०१७ मध्ये संभाजी उद्यानातला राम गणेश गडकरी यांचा पुतळा रातोरात उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. गडकऱ्यांच्या नाटकातील लिखाणाबद्दल आक्षेप असू शकतो. तो लेखणीने मांडावा, सभेत मांडावा, महापालिकेत ठराव आणावा. रात्रीच्या अंधारात निर्णय घेतला की आज तुमचा हात वर असतो आणि उद्या दुसऱ्याचा. ज्यांच्या मागे माणसांची संख्या नाही, त्या लहान समाजांच्या खुणा अशा खेळात आधी जातात. म्हणून पुतळा हलवायचाच असेल तर तो दिवसाउजेडी, चर्चा करून, कागदोपत्री हलवावा.

काहीजण म्हणतात, पुतळा हलविला की इतिहास पुसला जातो. हे म्हणणे मला अर्धेच खरे वाटते. इतिहास कागदपत्रांत, बखरींत, शिलालेखांत असतो. चौकातला पुतळा प्रामुख्याने सन्मान सांगतो. सन्मान काढून घेतल्याने घडलेली घटना न घडलेली होत नाही. राणी भायखळ्याला गेली म्हणून इंग्रजी राज्य झालेच नव्हते, असे कुणी म्हणत नाही.

पण अर्धे खरे आहे तेही सांगायला हवे. संग्रहालयात ठेवणे आणि अडगळीत टाकणे यांत फरक आहे. चौकातला पुतळा सर्वांना फुकट दिसतो. संग्रहालयाला तिकीट असते, वेळ असते, तिथवर जायला गाडीभाडे लागते. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या वडिलांनी मुंबईत हमाली केली, राणीच्या बागेवरून ते शेकडो वेळा गेले. पण शेजारचे संग्रहालय आपल्यासारख्यांसाठी आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. तिथे आत जाणारी माणसे वेगळी असतात, असे ते म्हणतात. पुतळा संग्रहालयात हलविल्यावर इतिहास जर अशा चार भिंतींआड गेला, तर चौकातल्या माणसाच्या हाती काय उरले? म्हणून संग्रहालय हे उत्तर तेव्हाच खरे ठरते, जेव्हा त्याचे दार वडिलांसारख्या माणसालाही आपले वाटेल. फलक मराठीत हवेत, सोपे हवेत आणि पुरते हवेत. राणीच्या पुतळ्याजवळ खंडेरावांच्या देणगीबरोबर चापेकरांच्या डांबराचीही गोष्ट सांगितली पाहिजे. शाळांच्या सहली तिथे गेल्या पाहिजेत.

वाचकहो, या सर्व चर्चेतून मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. पहिला, हे स्मारक कशासाठी उभारले होते? लोकांना दाबून ठेवण्यासाठी, की कुणाची आठवण ठेवण्यासाठी? दुसरा, आज त्याच्याशी कुणाचे नाते आहे, आणि ते पाहून कुणाची मान खाली जाते? तिसरा, त्याची पुरती हकिगत सांगण्याची सोय कुठे आहे, चौकात की संग्रहालयात? या तिन्हींची उत्तरे प्रत्येक ठिकाणी निराळी येतील. काळ्या घोड्याचा स्वार भायखळ्यालाच बरा. कोरेगावचा स्तंभ आपल्या जागीच शोभतो. मेणवलीची घंटा घाटावर वाजत राहावी, पण तिने आपले गावही सांगावे.

आमच्या अंजूरला आज माझ्या वयाच्या मुलांना कुठले गोडाऊन कोणत्या कंपनीचे, हे तोंडपाठ असते. गंगाजी नाईकांची गोष्ट मात्र म्हाताऱ्या माणसांपाशीच उरली आहे. मोठमोठ्या पुतळ्यांवरून भांडायला आपण एका हाकेत जमतो. आपल्याच गावचा इतिहास लिहून काढायला मात्र कुणी बसत नाही. हे काम कॉलेजात शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी हाती घ्यावे. सुट्टीत वहीपेन घेऊन वडीलधाऱ्यांपाशी बसावे आणि आपल्या समाजाची तेवढी गोष्ट विचारून न थांबता शेजारच्या आळीचीही विचारावी.